नेट वेगवान आहे, मग आवाज का तुटतो?

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर तपासायचं ठरवलं होतं. "जिना उतरताना दुखतं का?" त्यांनी विचारलं. आई सांगायला लागली, पण पलीकडे तिचं वाक्य अर्धवटच पोहोचत होतं. "आजी, आवाज तुटतोय तुमचा, परत सांगा." तीन वेळा सांगून झाल्यावर आईने फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल गं, मला नाही जमत हे."

आईचं काहीच चुकलं नव्हतं. सकाळीच मी स्पीड टेस्ट केली होती, डाउनलोड ४० एमबीपीएस येत होतं. मी लॅपटॉप उघडून पिंग लावलं. पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एरवी आमच्याकडे १८ मिलिसेकंद लागतात. त्या वेळी आकडे येत होते १४६०, १५१०, १४९०. जाऊन यायला दीड सेकंद! मी आतल्या खोलीत हाक मारली, "दादा, काही अपलोड लावलंयस का?" सहलीचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. "जरा थांबव ना." त्याने थांबवलं, आणि दोन-तीन सेकंदांत पिंग १८ वर आलं. मग डॉक्टरांना आईचं बोलणं स्वच्छ ऐकू गेलं.

लाइन तीच होती, राउटर तोच होता. आईच्या आवाजापुढे लागलेली रांग तेवढी संपली होती. नेटवर्कमधल्या वाहतुकीत कोणाला आधी सोडायचं, कोणाला थांबवायचं आणि कोणाला टाकून द्यायचं हे ठरवण्याच्या कामाला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात. आमच्या कामातला शब्द क्यूओएस. या विषयात नव्याने शिरणारा माणूस पहिल्याच दिवशी प्राधान्याचे नियम लिहायला बसतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता मला ठामपणे वाटतं की आधी रांग नेमकी कुठे लागते ते शोधायला हवं, नियम त्यानंतर. जिथे रांगच लागत नाही तिथे लिहिलेला नियम कितीही विचारपूर्वक लिहिलेला असला, तरी काहीही करत नाही.

दीड सेकंद आला कुठून

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट पॅकेटांमध्ये तोडून पाठवली जाते. मोठी फाइल असेल तर एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटचं. आमच्या लाइनचा अपलोडचा वेग २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० लाख बिट. भागाकार केला की कळतं, एक मोठं पॅकेट तारेवर चढवायला ६ मिलिसेकंद लागतात. तारेवर एका वेळी एकच पॅकेट चढतं, बाकीची पॅकेटं राउटरच्या किंवा मोडेमच्या (घराला कंपनीच्या लाइनशी जोडणाऱ्या डब्याच्या) मेमरीत आपली पाळी येईपर्यंत थांबतात. या मेमरीला बफर म्हणतात. दादाच्या अपलोडची अशी २५० पॅकेटं बफरमध्ये उभी असतील, तर २५० गुणिले ६, म्हणजे १५०० मिलिसेकंद. पिंगवर दिसलेला दीड सेकंद हाच.

आता आईच्या आवाजाकडे पाहू. इंटरनेटवरून जाणारा फोन नेहमीच्या जी.७११ पद्धतीने पाठवला, तर दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा निघतो, १६० बाइटचा. त्यावर पत्ता वगैरे ४० बाइटची वेष्टनं चढली की २०० बाइट. सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे ८० केबीपीएस. २ एमबीपीएसच्या लाइनवर हे ४ टक्के झालं. आवाजाचं एक पॅकेट तारेवर चढायला ०.८ मिलिसेकंद लागतो. म्हणजे ज्याचं काम एका मिलिसेकंदाच्या आत उरकलं असतं ते पॅकेट दीड सेकंद ताटकळत होतं, कारण बफरमध्ये जो आधी आला तो आधी जाणार एवढाच नियम होता. चित्राची पॅकेटं याहून जड असतात, पण हिशोब तोच.

क्यूओएसचा सगळा डोलारा एका साध्या निरीक्षणावर उभा आहे: वेगवेगळ्या वाहतुकीला वेगवेगळ्या गोष्टी बोचतात. दादाच्या व्हिडिओचं एखादं पॅकेट वाटेत हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं, अपलोड तीन मिनिटं उशिरा संपलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बोलण्याचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणं सहज चालतात, आणि ४०० च्या वर गेला की ते स्वीकारण्याजोगं राहत नाही. दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. उशिरा आलेलं आवाजाचं पॅकेट पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो शब्द कानावर पडायची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे आवाजाच्या दृष्टीने उशीर झालेलं आणि हरवलेलं यांत फरक उरत नाही.

यात तिसरा एक त्रास आहे, त्याचं नाव जिटर. विलंब प्रत्येक पॅकेटला सारखाच असेल तर कान सवय करून घेतो. पण एकाला ३० मिलिसेकंद, पुढच्याला १४०, त्यापुढच्याला ५० असं झालं की शब्द आखडतात, घोगरे होतात. ऐकणाऱ्याच्या बाजूचं सॉफ्टवेअर थोडी पॅकेटं साठवून मग एका लयीत वाजवतं. पण साठवायला जितका वेळ घ्यावा तितका विलंब वाढतो, त्यामुळे ही सोय मर्यादेतच वापरता येते.

रांग मुळात लागतेच का

फाइल पाठवणारा टीसीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे पाठवण्याच्या नियमांचा संच, लाइन किती रुंद आहे हे आधी जाणत नाही. तो वेग वाढवत जातो आणि एखादं पॅकेट हरवलं की समजतो, आता रस्ता भरला. मग वेग खाली आणतो आणि पुन्हा हळूहळू वाढवायला लागतो. हा शहाणपणा त्याला एका मोठ्या फजितीनंतर आला. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कले विद्यापीठ यांच्यातली वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आली. दोन ठिकाणांमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. पॅकेटं वाटेत टाकली जात होती, पाठवणारी यंत्रं तीच पुन्हापुन्हा पाठवत होती आणि सगळा रस्ता या पुनरावृत्तीनेच भरून गेला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याच्या मुळाशी जाऊन १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की माघार घ्या. आजचं इंटरनेट कोलमडत नाही त्यामागे ही सवय आहे.

पण यात एक गोम आहे. पॅकेट हरवणं हा टीसीपीला मिळणारा इशारा आहे. मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले. पॅकेट टाकून देणं म्हणजे कमीपणा, साठवून ठेवणं म्हणजे चांगलं, असा समज होता. परिणाम असा झाला की रस्ता भरला तरी पॅकेट हरवत नाही, ते बफरमध्ये जाऊन बसतं. टीसीपीला इशाराच मिळत नाही, तो वेग वाढवतच राहतो आणि रांग फुगत जाते. २ एमबीपीएसच्या लाइनवर ३७५ हजार बाइटचा बफर म्हणजे दीड सेकंद. आजच्या कुठल्याही उपकरणात इतकी मेमरी कोपऱ्यात पडून असते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास घरच्या लाइनवर हाच प्रकार मोजला आणि त्याला बफरब्लोट असं नाव दिलं. शब्द अगदी नेमका आहे: बफर सुजलेला आहे.

स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती मोजते सेकंदाला किती माल गेला. भरलेल्या रांगेतूनही माल पूर्ण वेगाने जातच असतो. आपल्याला विचारायचं असतं ते हे, की लाइन भरलेली असताना नव्याने आलेल्या छोट्या पॅकेटला किती थांबावं लागतं.

रांग आपल्या हातात आणायची

आता घरातल्या उपायाकडे येते, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते. आमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएसचं पान आहे. त्यात आईच्या फोनला सर्वांत वरचा क्रम देऊन मी आधीच ठेवला होता. तरीही आवाज तुटला.

कारण तिथे रांगच नव्हती. राउटर आणि मोडेम यांच्यातल्या केबलचा वेग १ जीबीपीएस. राउटरकडे पॅकेट आलं की ते लगेच मोडेमकडे जातं, थांबायची गरजच नाही. खरी अरुंद जागा मोडेमच्या पुढे, २ एमबीपीएसच्या लाइनच्या तोंडाशी. रांग तिथे, मोडेमच्या पोटात लागलेली. त्या मोडेमला माझे नियम माहीत नाहीत. राउटर बिचारा आईचं पॅकेट काही मायक्रोसेकंद आधी पुढे सरकवत होता, आणि ते जाऊन दादाच्या २५० पॅकेटांच्या मागे उभं राहत होतं.

मग उपाय उलट वाटावा असा आहे. राउटरला सांगायचं, तू स्वतःहून १.८ एमबीपीएसपेक्षा जास्त वेगाने काही बाहेर सोडू नकोस. लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडं कमी. आता मोडेमकडे जेवढं येतं तेवढं तो लगेच पुढे पाठवतो, त्याचा बफर रिकामा राहतो आणि रांग लागते ती राउटरमध्ये. १० टक्के वेग सोडून दिला आणि त्या बदल्यात रांगेचा ताबा मिळाला. माझ्या मते हा सौदा जवळपास नेहमीच फायद्याचा असतो. याला शेपिंग म्हणतात.

शेपिंग चालतं कसं तेही पाहण्यासारखं आहे. राउटरमध्ये एक काल्पनिक बादली असते, तिच्यात ठराविक वेगाने टोकन पडत राहतात. एक बाइट पाठवायचा तर एक टोकन खर्च करायचं. टोकन नसेल तर पॅकेट थांबतं. बादली भरलेली असेल तर थोडा वेळ भसाभस पाठवता येतं, ती रिकामी झाली की टोकन पडण्याच्या वेगानेच. बादली किती मोठी ठेवायची यावर झटक्यात किती सोडायचं हे ठरतं. हीच बादली वापरून टोकन नसलेलं पॅकेट थांबवण्याऐवजी सरळ टाकून दिलं, तर त्याला पोलिसिंग म्हणतात. सेवा देणाऱ्या कंपन्या आपला ठरलेला वेग बहुधा अशाच एखाद्या बादलीने राखतात.

रांग हातात आली. आता तिच्यात क्रम लावायचा. इथे मला एका जुन्या, सुंदर कल्पनेबद्दल सांगायचं आहे. १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी सुचवलं की सगळ्यांची एक रांग करू नका, प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि आळीपाळीने प्रत्येक रांगेतून एकेक पॅकेट घ्या. मग ज्याने अडीचशे पॅकेटं आणून उभी केली तो स्वतःच्याच मागे थांबेल, आणि ज्याचं एकच पॅकेट आहे त्याची पाळी लगेच येईल. यात कोणालाही प्राधान्य दिलेलं नाही, फक्त एकाने दुसऱ्याला अडवायचं नाही. तरी आवाजाला हवं ते आपोआप मिळतं, कारण आवाज स्वभावतःच थोडा थोडा येतो.

दुसरा अर्धा भाग पूर्ण व्हायला बराच काळ गेला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजते. हा थांबण्याचा वेळ सलग १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर रांग मुरली आहे असं समजून ती पॅकेट टाकायला लागते, म्हणजे टीसीपीला वेळेवर इशारा पोहोचतो. या दोन कल्पना एकत्र करून एफक्यू-कोडेल झालं आणि पुढे त्यातूनच केक नावाची आवृत्ती आली, जिच्यात शेपिंगही अंगभूत आहे. दोन्ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहेत, त्यामुळे कित्येक राउटरांतही पोहोचल्या आहेत.

मी आईच्या फोनचा नियम काढून टाकला, वेगमर्यादा १.८ लावली आणि रांगेसाठी एफक्यू-कोडेल निवडलं. दादाला पुन्हा अपलोड लावायला सांगितलं. पिंग २६ ते ३२ च्या मध्ये राहिलं. दीड हजाराच्या जागी तीस. एकही प्राधान्य न देता.

डाउनलोडच्या बाजूला हे इतकं चोख जमत नाही. तिथली रांग कंपनीच्या टोकाला लागते, आपल्याकडे पॅकेट येतं तेव्हा ते थांबून झालेलं असतं. आपल्या टोकाला मुद्दाम थोडी कमी मर्यादा लावून, अधूनमधून पॅकेट टाकून पलीकडच्याला हळू व्हायला भाग पाडता येतं. पण त्यासाठी जास्त वेग सोडून द्यावा लागतो आणि एकदम आलेला लोंढा थोडा वेळ त्रास देतोच.

चिठ्ठी आणि तिच्यावरचा विश्वास

घरात चार-पाच माणसं असताना समान वाटणी पुरते. शेकडो माणसांच्या ठिकाणी, जिथे फोन, हिशोबाचं सॉफ्टवेअर, कॅमेरे, बॅकअप सगळं एकाच लाइनवर आहे, तिथे क्रम ठरवावाच लागतो. त्यासाठी पॅकेटवर चिठ्ठी लावायची सोय पहिल्यापासून आहे. १९८१ मध्ये आयपी प्रोटोकॉलचा दस्तऐवज निघाला तेव्हाच प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनात यासाठी एक बाइट राखून ठेवला होता. त्यातले ३ बिट महत्त्व सांगायचे, म्हणजे ८ पायऱ्या, आणि त्यांतल्या पहिल्या पाचांची नावं होती रूटीन, प्रायोरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. लष्करी तारसंदेशांवर तातडीचे शेरे असत, त्या घराण्यातली ही नावं.

मधल्या काळात एक महत्त्वाकांक्षी प्रयोग झाला. प्रत्येक कॉलसाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे आधी जागा राखून घ्यायची, अशी ती पद्धत. कल्पना चांगली होती, पण लाखो कॉलांच्या नोंदी प्रत्येक राउटरने सांभाळायच्या हे पेलणारं नव्हतं. म्हणून १९९८ मध्ये डिफसर्व्ह आलं. त्याने तो जुनाच बाइट घेतला, त्यातल्या ६ बिटांना डीएससीपी म्हटलं, आणि वाटेतल्या राउटरांना सांगितलं की कॉल लक्षात ठेवू नका, फक्त चिठ्ठीवरचा आकडा बघा आणि त्या वर्गाच्या रांगेत घाला. ६ बिटांत ६४ आकडे बसतात. आवाजासाठी ठरलेला आकडा ४६, बिटांत लिहिला तर १०१११०.

ही चिठ्ठी म्हणजे विनंती आहे, हुकूम नाही. कोणताही संगणक स्वतःच्या पॅकेटवर ४६ लिहू शकतो. म्हणून नीट बांधलेल्या नेटवर्कमध्ये विश्वासाची एक सीमा आखलेली असते. सीमेबाहेरून आलेली चिठ्ठी पुसायची, आत आपण स्वतः पारखून नवी लावायची. सार्वजनिक इंटरनेटवर पाय ठेवला की आपली चिठ्ठी बहुधा पुसली जाते किंवा तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण एका कंपनीने दुसरीच्या ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास का ठेवावा?

चुकीच्या चिठ्ठीने काय होतं ते मी एका कार्यालयात पाहिलं. शाखांना जोडणारी २० एमबीपीएसची लाइन होती. एका सकाळी हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडेना, मेल जाईना, आणि डेस्कवरचे सगळे फोनही बोबडे झाले. फोनला तर सर्वांत वरचा क्रम होता! राउटरवर वरच्या रांगेचे आकडे काढले, तेव्हा दिसलं की तिच्यातून १९ एमबीपीएसहून जास्त वाहतंय. एवढे फोन त्या इमारतीतच नव्हते. पॅकेटं उघडून बघितली तर ४६ ची चिठ्ठी लावून रात्रीचं बॅकअप चाललं होतं, जे त्या दिवशी लांबून सकाळपर्यंत आलं होतं. फोनसाठीचा नियम ज्याने लिहिला त्याने पोर्टची, म्हणजे पॅकेट कोणत्या प्रोग्रामचं ते सांगणाऱ्या क्रमांकांची, रेंज इतकी सैल दिली होती की बॅकअपही तिच्यात बसत होतं. रात्री लाइन रिकामी असायची, म्हणून कित्येक महिने कोणाला कळलं नाही.

सर्वांत वरच्या रांगेचा नियम कडक असतो: तिच्यात एकही पॅकेट आहे तोवर खालच्या रांगेला हात लावायचा नाही. आवाजासाठी हे हवंच असतं. पण त्या रांगेत बॅकअपसारखी कधीच न संपणारी गोष्ट शिरली की खालच्या रांगा उपाशी मरतात. आणि फोनही वाचत नाहीत, कारण ते त्याच रांगेत बॅकअपच्या मागे असतात. म्हणून वरच्या रांगेला कमाल मर्यादा घालायचीच, अपवाद नाही. आम्ही हिशोब केला: एका वेळी जास्तीत जास्त ४० कॉल, प्रत्येकी ८० केबीपीएस, म्हणजे ३.२ एमबीपीएस. मर्यादा ठेवली ४. पोर्टची सैल रेंज काढून चिठ्ठी लावायचं काम फोन जिथे जोडलेले आहेत त्या स्विचवर नेलं. उरलेल्या १६ एमबीपीएसचे वजनाने वाटे केले: हिशोबाच्या सॉफ्टवेअरला निम्मा, बाकी सगळ्यांना थोडा थोडा, बॅकअपला सर्वांत लहान. वाटा म्हणजे राखीव कुलूपबंद जागा नव्हे. हिशोबाचं काम थंड असेल तर त्याचा वाटा बॅकअप वापरतं, ते जागं झालं की परत देतं. त्यामुळे लहान वाटा मिळूनही बॅकअप रात्रीत संपतं.

त्या बैठकीत प्रत्येक विभागाने आपलं काम वरच्या वर्गात घाला म्हणून आग्रह धरला होता. त्यांचा राग मला समजतो. पण भरलेल्या लाइनवर एकाला पुढे सोडणं म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी थांबवणंच असतं, प्राधान्याने नवी रुंदी तयार होत नाही. म्हणून मी तेव्हापासून प्रश्नच बदलला आहे. "कोणतं काम महत्त्वाचं?" असं विचारलं तर सगळेच हात वर करतात. "कोणतं काम तासभर उशिरा झालं तर चालेल?" असं विचारलं की खरी उत्तरं मिळतात. बॅकअप, अपडेट, साठवणीचे व्हिडिओ यांना खालच्या वर्गात घातलं की निम्मं काम होतं. फक्त अशा मागे राहायला तयार असलेल्या वाहतुकीसाठी २०१९ पासून डीएससीपीत स्वतंत्र आकडाही आहे, १.

त्यापेक्षा मोठी लाइनच का घेऊ नये

हा प्रश्न रास्त आहे, आणि काही वेळा तेच योग्य उत्तर असतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये फोनच्या वाहतुकीवर पहिला शोधनिबंध लिहिला, आणि त्यातून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्या शास्त्रातल्या अगदी साध्या नमुन्यात लाइन ५० टक्के भरलेली असेल तर रिकाम्या लाइनपेक्षा सरासरी दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. शेवटच्या काही टक्क्यांत सगळी दुरवस्था होते. त्यामुळे जी लाइन दिवसभर नव्वदीच्या वर आहे तिच्यावर क्यूओएस लावून भागत नाही, ती वाढवायलाच हवी.

पण ३० टक्के दाखवणाऱ्या लाइनवरही आवाज तुटू शकतो. तो आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवत असतो, आणि रांग भरते मिलिसेकंदांत. एकाच वेळी वीस संगणकांनी एखादं अपडेट उचललं की दोन सेकंद लाइन शंभर टक्के, मग पुन्हा शांत. सरासरीत ते विरघळून जातं, बोलणाऱ्याच्या कानात नाही. शिवाय टीसीपी मिळेल ती रुंदी भरायला बघतो, त्यामुळे मोठ्या अपलोडसाठी लाइन दुप्पट केली तर अपलोड निम्म्या वेळात संपतं, पण चालू असेपर्यंत रांग लागायची ती लागतेच.

वाय-फायवर गणित आणखी वेगळं होतं. तिथे तारेऐवजी हवेतला वेळ वाटून घ्यायचा असतो, आणि लांबच्या खोलीतलं मंद उपकरण तेवढंच पॅकेट पाठवायला कितीतरी जास्त वेळ खातं. २००५ च्या ८०२.११ई मानकाने वाय-फायमध्ये चार वर्ग आणले: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. आवाजाच्या वर्गाला हवेत बोलायची संधी घेण्याआधी कमी थांबावं लागतं. पण बरीच उपकरणं डीएससीपीचे फक्त पहिले ३ बिट बघून वर्ग ठरवतात. ४६ चे पहिले ३ बिट १०१, म्हणजे ५, आणि वाय-फायमध्ये ५ म्हणजे व्हिडिओ. अशा रीतीने व्यवस्थित चिठ्ठी लावलेला आवाज वाय-फायवर येताच एक पायरी खाली उतरतो. हे दुरुस्त कसं करायचं ते २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेलं आहे, तरी जुन्या सेटिंग तपासलेल्या बऱ्या.

हे सगळं स्वतःच्या नेटवर्कबद्दल झालं. आपल्या घरात किंवा कार्यालयात कोणी थांबायचं हे आपण ठरवावं यात वाद नाही. पण लाइन पुरवणारी कंपनी पैसे घेऊन एखाद्या वेबसाइटला पुढे सोडायला लागली तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेतून ते देत असते, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेलं नसतं. २००३ मध्ये कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द पुढे आणला तो याच काळजीतून. माझं मत स्पष्ट आहे: आवाजाच्या सगळ्या पॅकेटांना सारखंच पुढे सोडा, कोणाच्याही कंपनीची असोत. एका कंपनीचा आवाज पुढे आणि दुसरीचा मागे, याला गुणवत्तेची व्यवस्था म्हणता येणार नाही.

तुमच्याकडे काय चाललंय ते बघायचं असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, पिंग लावा आणि एक मिनिट नुसतं बघा. मग एखादी मोठी फाइल अपलोडला लावा आणि आकडा कुठे जातो ते पाहा, नंतर डाउनलोडला लावून पुन्हा पाहा. २० चा ४० झाला तर ठीक आहे. २० चे ४०० किंवा हजार झाले तर रांग तुमच्या ताब्यात नाही, आणि शेपिंगपासून सुरुवात करा. लाइन भरूनही आकडा हलला नाही आणि तरी आवाज तुटतोय, तर क्यूओएसच्या पानावर वेळ घालवू नका. केबल काढा, तीच चाचणी वाय-फायवर करा, आणि लॅपटॉप घेऊन जिथे बसून तुम्ही बोलता त्या खोलीत जा.